तांबं खाणारं विरजण

निर्झर कंट्रोल्समध्ये चोरी झाल्याचं उघड झालं, तेव्हा चोर शोधायला एक चौकशी समिती नेमण्यात आली. समितीत सदस्य एकच, शलाका उगले. तिला चोर शोधायला साधारण चार सेकंद लागले. चोर त्या वेळी तिच्या घरी लसूण सोलत बसलेला होता आणि नात्यानं तिची सासू लागत होता.

“पंधरा दिवसांत अहवाल हवा,” हेरंब पाठारे म्हणाले. ते कंपनीचे कार्यकारी संचालक. वर्ष २०४३ असलं तरी त्यांच्या टेबलावर अजून कागदी फायलींची चळत होती, कारण कंपनी पर्यावरणस्नेही असल्याचे सगळे दाखले छापून ठेवावे लागत. “चोराचं नाव, पत्ता आणि चोरीचं कारण. मग पोलीस.”

“हो सर.”

“कुणावर संशय?”

“संशय असा नाही सर,” शलाका म्हणाली. ते अगदी खरं होतं. तिला खात्री होती.

“चोर सापडला की तुझं कायम झाल्याचं पत्र त्याच दिवशी. नाही सापडला, तर टाक्यांची जबाबदारी तुझ्याकडे होती, हे मला लिहावं लागेल. मग तुझं तू बघ.”

म्हणजे सासू द्यायची किंवा नोकरी द्यायची. शलाका मान हलवून बाहेर आली आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर तिनं सुरेख अक्षरात ‘चौकशी’ असं लिहिलं. पुढचे दोन दिवस वहीत तेवढंच होतं.

चोरीला गेलेली वस्तू म्हणजे वाटीभर गढूळ पाणी.

निर्झर कंट्रोल्स सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत मिक्सर, पंखे, गिझर, वॉशिंग मशीन यांच्या पोटात बसणारे सर्किट बोर्ड बनवते. बोर्ड म्हणजे काचतंतूंची हिरवी पाटी आणि तिच्यावर तांब्याच्या रेघा. हे तांबं पूर्वी खाणीतून येई. किलोभर तांब्यासाठी दीडशे-दोनशे किलो खडक फोडायचा, दळायचा, भट्टीत घालायचा, आणि बदल्यात एक खड्डा, एक राखेचा डोंगर नि भरपूर धूर मिळवायचा. तीन वर्षांपूर्वी कायदा आला. नव्या बोर्डातलं दोन तृतीयांश तांबं कंपनीनं स्वतःच्या जुन्या बोर्डांतून, स्वतःच्या टाकीत काढलेलं असलं पाहिजे. नसेल तर कारखान्याला कुलूप. सहाशे माणसं घरी.

जुन्या बोर्डातून तांबं काढायचं तर एरवी तो जाळावा लागतो. निर्झरनं भट्टीऐवजी जीवाणू ठेवले. खाणींच्या पाण्यात राहणारे काही जीवाणू लोखंडावर जगतात. ते पाण्यात विरघळलेल्या लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतात. आपण भाकरी खातो तसं. इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड मग चिडतं आणि दिसेल त्या तांब्याचे इलेक्ट्रॉन ओरबाडतं. लुटलेलं तांबं बोर्ड सोडून पाण्यात उतरतं आणि पाणी निळं होतं. त्या पाण्यात लोखंडाचा खिळा टाकला की तांबं पाणी सोडून खिळ्यावर जाऊन बसतं. भट्टी नाही, धूर नाही. मूळ जीवाणू तेजाबासारख्या आंबट पाण्यातच जगायचे. निर्झरच्या शास्त्रज्ञांनी सात वर्षं खपून असा वाण तयार केला, जो ताकाइतक्या आंबट पाण्यात राही, गुळाचं पाणी पिई आणि आठ दिवसांत बोर्ड साफ करी. त्याचं नाव एनके-सतरा. सहा टाक्या, प्रत्येकी दहा हजार लिटर, आणि आत अब्जावधी जीवाणू, सगळे एकाच पूर्वजाची हुबेहूब नक्कल. टाकीघरात पाटी होती: ‘एकसारखेपणा हीच आमची गुणवत्ता.’

अडचण एकच होती. जीवाणू उपाशी होते.

लोक जुनी यंत्रं परत देत नव्हते. कंपनीनं जिल्हाभर दुकानांपुढे पिवळ्या पेट्या ठेवल्या होत्या. पहिल्या वर्षी त्यांतून वेफर्सची पाकिटं, डाव्या पायाच्या चपला आणि नांदूरशिंगोट्याच्या पेटीतून एक मांजर तीन पिल्लांसह मिळालं. बोर्ड मिळाले एकोणीस. बाकीचे माळ्यांवर होते. बंद पडलेला मिक्सर कुणी टाकत नाही. तो ‘असू दे, लागेल कधीतरी’ या सदरात जातो आणि तिथून परत येत नाही. शलाकाच्या सासूकडे, ठकूबाई उगल्यांकडे, टीव्हीचे तीन रिमोट होते. टीव्ही जाऊन नऊ वर्षं झाली होती.

शलाका टाकीघरात जीवाणूपालक होती. दिवसातून दोनदा गुळाचं पाणी, तापमान, आंबटपणा. टाक्यांना खाऊ घालणारं यंत्र होतं, पण दोन लिटरच्या बरणीतला मूळ वाण हातानंच सांभाळावा लागे. गेल्या दिवाळीला कारखाना चार दिवस बंद राहणार होता. शलाकानं सुट्टीत येण्याची परवानगी मागितली. त्यासाठी एक फॉर्म होता. फॉर्मवर ज्या साहेबांची सही लागे ते सुट्टीवर होते. सुट्टीवरच्या साहेबांच्या जागी सही करायला दुसरा फॉर्म होता, आणि त्यावर पहिल्या साहेबांची सही लागत होती. शेवटी तिनं अर्धा लिटर वाण स्टीलच्या डब्यात ओतून घरी नेला आणि ओट्यावर, दह्याच्या भांड्याशेजारी, ऊब लागेल असा ठेवला.

ठकूबाईंनी पस्तीस वर्षं विड्या वळल्या होत्या, रोज हजार. आता गुडघे गेले होते आणि हातांना काम नव्हतं. सासूसुनेत भांडण नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. “प्रवीण, तुझ्या बायकोला विचार, भाजी कोणती चिरू,” असं ठकूबाई म्हणायच्या, आणि प्रवीण, जो एसटीच्या आगारातून दमून आलेला असायचा, समोर उभ्या असलेल्या बायकोला विचारायचा, “भाजी कोणती चिरू विचारू राहिली.”

पण त्या दिवशी प्रवीण ड्यूटीवर होता.

“हे काय आणलं?” ठकूबाईंनी थेट विचारलं.

“हे खायचं नाही, आई. हे तांबं खातं.”

“कोणाचं?”

“कोणाचंही.”

ठकूबाईंनी बराच वेळ डब्यात पाहिलं. मग उठल्या, गुडघे धरत गेल्या आणि एक रिमोट घेऊन आल्या. “हे खाईल?”

शलाकानं रिमोट खोलून आतला बोर्ड एका मडक्यात टाकला, वर वाटीभर वाण ओतला, गूळ घातला, एक खिळा सोडला. चार दिवसांनी ती डबा परत घेऊन गेली, मडकं राहिलं. रोज सकाळी ठकूबाई झाकण काढून पाहत. आठव्या दिवशी खिळा लालसर, चकचकीत झाला होता.

“नऊ वर्षं नुसता पडून होता रिमोट,” ठकूबाई खिळा उन्हात धरून म्हणाल्या. “आता पाह्य कशी करणी केली.” त्या दिवशी सासूसुना प्रवीणशिवाय सलग पंधरा मिनिटं बोलल्या. प्रवीणला हे कळलं तेव्हा तो थोडा दुखावला.

यापुढे जे झालं ते शलाकाला चौकशीआधीच माहीत होतं, पण समितीची सदस्य म्हणून तिनं ते रीतसर विचारायचं ठरवलं.

“आई, ते तुम्ही कोणाकोणाला दिलं?”

“कोणाला नाही दिलं, असं विचार. लवकर सांगता येईल.”

“आधी कोणाला?”

“शेजारच्या भामरेबाईला. वाटी घेऊन आली. म्हणे, तुमच्याकडे ते मिक्सर खाणारं विरजण आहे, वाईच द्या. आता मला सांग, विरजण मागायला आलेल्या बाईला रिकाम्या वाटीनं लावून देऊ? लग्न होऊन आली तवापासून मी कोणाला नाही म्हटलं नाही.”

“आई, त्याच्यावर पेटंट आहे.”

“म्हंजी?”

“म्हणजे ते कंपनीच्या मालकीचं आहे.”

“मी कुठं कंपनीचं दिलं? मी वाटीभर दिलं. बाकीचं तिच्या घरी झालं. गूळ तिचा, पाणी तिचं, मिक्सर तिचा. कंपनीचं काय त्याच्यात?”

शलाकाकडे याला उत्तर होतं, पण ते अठ्ठावीस पानी होतं.

भामरेकाकूंनी बहिणीला दिलं, बहिणीनं नणंदेला, नणंदेनं शिवणक्लासच्या बाईंना. सहा महिन्यांत कामगार वसाहतीतल्या दोनशे चौदा घरांत ओट्यावर एक दह्याचं भांडं आणि एक तांब्याचं मडकं दिसू लागलं. विरजण पातळ झालं की शेजारून वाटीभर आणायचं, आपल्यात मिसळायचं. प्रत्येकीची रीत वेगळी. कुणी गुळाऐवजी काकवी घातली, कुणी शिळा उसाचा रस, एकीनं ज्वारीची पेज. माळे रिकामे झाले. मेलेले मिक्सर, पंखे, पिवळ्या पेट्यांनी विनवण्या करूनही न आलेले गिझर, सगळं मडक्यांत गेलं. तांब्याचे खिळे जमले की दारावर बोहारीण येई. जुन्या साड्या कुणी देईना झाल्यापासून तिचा धंदा बसला होता. आता ती खिळ्यांवर कढया, पातेली देत इलेक्ट्रिक टमटम फिरवू लागली. तिनं ते तांबं भंगारवाल्याला दिलं, त्यानं ते वितळवायला धाडलं, आणि वितळवणाऱ्यानं ते नेमकं निर्झर कंट्रोल्सला विकलं. खरेदी विभागानं ‘इतकं शुद्ध तांबं आजवर पाहिलं नाही’ असा शेरा मारून वितळवण्याआधीचा नमुना मागवला. प्रयोगशाळेला खिळ्यांच्या सालीत एनके-सतराची निशाणी सापडली. कंपनी स्वतःचीच चोरी विकत घेत होती.

पंधरा दिवस संपले. शलाकाचा अहवाल तीन पानांचा होता आणि त्यात ‘तपास योग्य दिशेनं चालू आहे’ हे वाक्य सहा वेळा होतं.

“नाव कुठंय?” पाठारेंनी विचारलं.

“सर, मी दोनशे चौदा घरी विचारलं. प्रत्येक बाई म्हणते, शेजारणीनं दिलं. सगळ्या शेजारणी जोडल्या की गोल होतो.”

“म्हणजे कुणीच सुरुवात केली नाही?”

“कागदोपत्री तरी नाही.”

पाठारेंनी डोळे मिटले. चोर नंतर बघता येईल, पण वाण बाहेर राहता कामा नये. उद्या एखाद्या दुसऱ्या कंपनीचा माणूस वाटी घेऊन वसाहतीत शिरला तर?

त्यासाठी कंपनीकडे उपाय तयार होता. जीवाणूंनाही विषाणू होतात. प्रत्येक विषाणूची एका विशिष्ट जीवाणूशीच गाठ असते. तो आत शिरतो, आपल्या शंभर प्रती काढतो आणि जीवाणू फोडून बाहेर पडतो. दही बनवणाऱ्या मोठ्या डेअऱ्या ह्यांनाच घाबरतात. एका रात्रीत अख्खं विरजण मरू शकतं. निर्झरनं एनके-सतराचा असाच भक्षक पाळून ठेवला होता, कुलपात, फक्त टाक्या धुवायच्या वेळी वापरायला. माणसाला त्यानं काही होत नाही. दह्यालाही नाही. मडक्यातलं मात्र दोन दिवसांत मरतं.

“घरोघर जाऊन मडक्यांत फवारायचं. वसाहत तुझ्या ओळखीची आहे, तूच जा. मीही येतो,” पाठारे म्हणाले. “आणि शलाका, ही शेवटची संधी समज.”

फवारणीला चार दिवस लागले. पाठारे सगळीकडे सोबत होते. बूट काढून, मोज्यांवर घरात जाऊन, हात मागं बांधून ते पाहत. बायका पाहुण्याला पाणी देत आणि मडक्याकडे बोट दाखवत. चौथ्या दिवशी शेवटचं घर राहिलं.

ठकूबाईंनी दार उघडलं. पाठारेंनी बूट बाहेर ठेवले.

“तुम्हाला कुणी दिलं, आजी?” पाठारेंनी विचारलं.

ठकूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेच्या गळ्यात फवारणीचा पंप होता आणि ती जमिनीकडे पाहत होती.

“शेजारून आणलं,” ठकूबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दिलेल्या वस्तूला आणलेली म्हटलं.

शलाकानं मडक्यावर नळी धरली. नळी घसरली, थोडं फरशीवर सांडलं. पाठारे जवळ येऊन वाकले, नीट झालं ना पाहिलं आणि समाधानानं मागं सरले. ठकूबाई कट्ट्याला टेकून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “प्रवीण, तुझ्या बायकोला सांग, चहा ठेवलाय.”

प्रवीण घरात नव्हता. शलाकानं चहा घेतला नाही.

पाठारे तिथून थेट कारखान्यात गेले, टाकीघरात. तिथं कडक नियम होते. दाराशी बूट जंतुनाशकात बुडवायचे, काढायचे, आतल्या रबरी चपला घालायच्या. पाठारेंनी सगळं काटेकोर केलं. मोज्यांबद्दल नियमात काही नव्हतं. नियमावली जर्मनीतून आणली होती, आणि तिथं लोकांच्या स्वयंपाकघरात बूट काढून जायची पाळी कुणावर येत नसावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिली टाकी नितळ झाली. इतकी नितळ, की तळाचे बोर्ड दिसू लागले, अजिबात न कुरतडलेले. संध्याकाळपर्यंत सहाही टाक्या तशाच. बरणीतला मूळ वाणही गेला. फवारणीच्या दिवसांपुरता शलाकाच्या जागी ठेवलेल्या माणसानं टाकीत बुडवलेलीच पळी बरणीत घातली होती. प्रयोगशाळेनं आठवडाभर सगळीकडचे नमुने तपासले आणि भक्षक शेवटी संचालकांच्या उजव्या मोज्यात सापडला. अहवालात ‘कापडी पृष्ठभाग’ असं लिहिण्यात आलं.

अब्जावधी जीवाणू एकाच पूर्वजाची नक्कल असतील, तर एकाला मारणारी किल्ली सगळ्यांना लागते. तेच झालं होतं.

तांब्याच्या कायद्याच्या सरकारी तपासणीला अठरा दिवस उरले होते. नवा वाण घडवायला सात वर्षं लागत.

“वसाहतीत कुणाचं जिवंत राहिलंय?” पाठारेंनी शलाकाला बोलावून विचारलं. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

शलाका शांतपणे म्हणाली, “सगळ्यांचं, सर.”

“आपण फवारलं ना?”

“फवारलं. दोनशेतीन मडकी मेली. अकरांतली काही पिलावळ वाचली. तिथलं विरजण इतक्या घरांतून मिसळून आलेलं होतं, की त्यात शंभर तऱ्हेचे जीवाणू तयार झाले होते. कुणाचं कुलूप थोडं बदललेलं, त्यांना ती किल्ली लागलीच नाही. मग शेजारणी वाट्या घेऊन गेल्या. आठवड्यात सगळ्यांकडे परत लागलं. आमच्या घरी तिसऱ्या गल्लीतून आलं. तिच्याकडे ते मुळात आमच्याकडूनच गेलं होतं.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की शेवटचं वाक्य अनावश्यक होतं.

“आमच्याकडूनच,” पाठारे म्हणाले.

शलाकानं पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्यातला नवा अहवाल तिनं फवारणीच्या शेवटच्या संध्याकाळीच लिहिला होता. चोराचं नाव: शलाका प्रवीण उगले. पत्ता: कामगार वसाहत, सिन्नर. चोरीचं कारण: सुट्टीत येण्याचा फॉर्म मिळाला नाही.

“एकटीनंच?”

“डबा मी नेला, सर. त्यापुढं जे झालं ते होतंच.”

पाठारे मोठ्या पदावर होते. मोठ्या पदावरची माणसं धक्का बसला की सवयीचं काहीतरी करतात. त्यांनी वही मिटून तिच्या हातात परत दिली आणि तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मग गाडी काढून ते तिच्याच घराकडे निघाले.

ते पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. शलाका अजून घरी पोहोचली नव्हती. तिला बस नव्हती. ठकूबाई देवापुढं दिवा लावून उठत होत्या.

“आजी, थोडं विरजण हवं होतं.”

“आता नाही. दिवा लागला. दिवा लागल्यावर विरजण, मीठ घराबाहेर जात नाही.”

“आजी, हे फार तातडीचं आहे. सहाशे लोकांच्या कामाचा प्रश्न आहे.”

“मग उद्या लवकर या.”

पाठारेंनी आयुष्यात मंत्रालयातून परवानग्या आणल्या होत्या. इथं ते दोन मिनिटं उभे राहिले आणि परत गेले.

शलाका घरी आल्यावर प्रवीणला म्हणाली, “आईंना सांग, माझी नोकरी गेली. चोर म्हणून माझं नाव लिहिलंय मी.” ठकूबाई भाकरी थापत होत्या. प्रवीणनं निरोप सांगायला तोंड उघडलं. “बहिरी नाही मी,” त्या म्हणाल्या, आणि त्या रात्री शलाकाच्या ताटात लोण्याचा गोळा नेहमीपेक्षा दुप्पट पडला.

सकाळी सात वाजता पाठारे दारात हजर. हातात निर्जंतुक केलेली, मोहरबंद काचेची बरणी.

“ह्याच्यात न्यायचं?” ठकूबाईंनी विचारलं. “घरात वाटी नाही का तुमच्या?”

पाठारे शेजारी भामरेकाकूंकडे गेले आणि वाटी मागून आणली. काकू मागोमाग येऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे आणखी सातआठ जणी.

“लावणार कोण हे?” ठकूबाई.

“आमच्याकडे इंजिनिअर आहेत.”

“कधी लावलंय त्यांनी?”

“...तसं नाही.”

“सुनेनं लावलंय. पण ती चोर आहे म्हणता.”

“आजी, तिनं स्वतः लिहून दिलंय.”

“दिलं असेल. मग हे चोरीचं झालं ना? एवढे मोठे माणूस तुम्ही, सकाळच्या पारी चोरीचा माल न्यायला कसे आले?”

दारातल्या बायकांत कुणीतरी खोकलं.

“मुळात ते आमच्याच मालकीचं आहे, आजी,” पाठारे म्हणाले. “आमच्या प्रयोगशाळेत—”

“तुमचं होतं ते मेलं,” ठकूबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. “तुम्ही औषध मारलं, त्यानं तुमचं मेलं. आमचंही तुम्ही मारलं. जे वाचलं ते ह्या बायांनी एकमेकींना देऊन वाचवलं. आता सांगा, कोणाचं?”

पाठारेंनी हातातल्या वाटीकडे पाहिलं. तीसुद्धा भामरेकाकूंची होती. तपासणीला सतरा दिवस होते. बोर्ड साफ व्हायला आठ लागतात, सहा टाक्या भरायला विरजण वाढवत न्यायला पाच. हिशेब सोपा होता आणि त्यात वाद घालायला जागा नव्हती.

“पेन आहे का?” त्यांनी विचारलं.

शलाकानं आतून वही आणि पेन दोन्ही आणलं. पाठारेंनी ‘चोराचं नाव’ यातला पहिला शब्द खोडला. त्या जागी काय लिहावं हे त्यांना सुचेना. त्यांनी ठकूबाईंकडे पाहिलं.

“मला काय विचारता, मला लिहिता येत नाही,” ठकूबाई म्हणाल्या. “विरजण दिलं, असं लिवा. आणि माझं नाव टाका वर. तिनं नुसतं आणलं, दिलं मी. कागद खरा पाहिजे.”

“आई, तुमचं नको,” शलाका म्हणाली.

“का? एवढं दिलं ते कोणाच्या नावानं खपवू राहिली तू?”

पाठारेंनी लिहिलं: विरजण देणाऱ्याचं नाव, ठकूबाई नामदेव उगले. विरजण आणणाऱ्याचं नाव, शलाका प्रवीण उगले, जीवाणूपालक, कायम. कारण या रकान्यात फॉर्मची हकिकत होती, ती त्यांनी तशीच राहू दिली. मग सही केली. ठकूबाईंनी वाटी भरली आणि ती पाठारेंच्या पसरलेल्या हातांवरून नेऊन सुनेच्या हातात दिली. दारातल्या बायका पांगल्या आणि थोड्याच वेळात आपापल्या वाट्या आणि गल्ल्यागल्ल्यांतल्या आणखी शेजारणी घेऊन परत आल्या. एका वाटीनं दहा हजार लिटर कसं लागणार, हे त्यांना इंजिनिअरांपेक्षा आधी कळलं होतं.

त्या दिवशी ठकूबाई पहिल्यांदा कारखान्यात गेल्या. शलाकानं पहिल्या टाकीच्या तळाशी बोर्ड रचले, कोमट पाणी आणि गूळ सोडला आणि एकेक करून त्रेसष्ट वाट्या ओतल्या. मग तिनं सवयीनं पंख्याच्या बटणाकडे हात नेला. टाकीत एक मोठा पंखा होता, तो रात्रंदिवस पाणी घुसळी.

“हे काय करू राहिली? विरजण लावल्यावर हलवतात का?”

इंजिनिअरांपैकी एकानं हळूच सांगितलं, की जीवाणूंना हवा लागते म्हणून पंखा असतो. दुसऱ्यानं, जो वयानं लहान आणि म्हणून अधिक प्रामाणिक होता, कबूल केलं की सुरुवातीला जीवाणू बोर्डाला चिकटून थर धरतात, आणि पाणी घुसळलं तर तो थर धरतच नाही. आजवर प्रत्येक टाकी सुरू व्हायला पाच दिवस का लागायचे, याचं कारण बहुधा तेच असावं.

पंखा बंद करण्यात आला. शेजारच्या दालनातली कापणीची यंत्रं हादरे देत होती, तीही थांबवली. मालाच्या ट्रकांना फाटकाबाहेर उभं केलं. टाकीशेजारी दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर ठकूबाई, एकीवर शलाका. सहाशे माणसं दोन दिवस टाकीघरावरून चवड्यांवर चालत होती आणि जेवणाच्या सुट्टीत डबे न वाजवता उघडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाठारे आत आले आणि कुजबुजले, “लागलं का?”

“सारखं विचारू नका,” ठकूबाईही कुजबुजल्या. “विचारलं तर उशीर लागतो.”

या विधानाला शास्त्रीय आधार आहे का, हे कुणी विचारलं नाही. पाठारे मागल्या पावली बाहेर गेले.

शलाकानं कठड्यावरून वाकून पाहिलं. तळाच्या एका बोर्डाच्या कोपऱ्यावर, नखाएवढ्या जागेत, निळा रंग उतरला होता. तिनं सासूचं मनगट धरलं आणि बोटानं दाखवलं. ठकूबाईंनी गुडघे सावरत वाकून पाहिलं, मान हलवली, आणि दोघी परत खुर्च्यांवर बसल्या. आवाज होणार नाही अशा बेतानं.